चौघांचं बार्बरशॉप: कॉर्ड घुमत नाही, गाणं संपेपर्यंत पट्टी उतरते

तलावपाळी_चौकडी (ठाणे पश्चिम)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं आहोत. दोघे ठाण्याचे, दोघी नेरूळ आणि सानपाड्याच्या. दोघांची तालीम सुगम संगीताची, एकीची चर्चच्या क्वायरमधली, चौथा बँडमध्ये गातो. वाद्याशिवाय चार आवाजांत गायची अमेरिकन बार्बरशॉप पद्धत शिकतोय. एक छापील अरेंजमेंट (चार आवाजांत बांधलेल्या गाण्याची प्रत) आणि तिचे लर्निंग ट्रॅक (ओळी शिकायची रेकॉर्डिंग) विकत घेतले. चारही ओळी पाठ आहेत, पण पुढे अडलंय.

अरेंजमेंट पुरुषांच्या चार आवाजांसाठीची, काळी पाचमध्ये. लीडची, म्हणजे मुख्य चालीची, ओळ बायकांना फार खाली जाते. कोणी कोणती ओळ घ्यावी?

कीबोर्डवर तपासलं तर प्रत्येकाचा स्वर बरोबर असतो, तरी एकत्र गायल्यावर कॉर्डमध्ये (एकदम लागणाऱ्या चार स्वरांत) खरखर येते. ट्रॅकमध्ये ऐकू येणारा घुमारा येत नाही.

शेवटी पिच पाईप (सुरुवातीचा स्वर देणारी छोटी फुंकणी) फुंकून पाहिला की आम्ही जवळजवळ अर्धा स्वर खाली असतो. तानपुऱ्याचं अॅप लावून गायलो तर मधल्या ओळी आणखीच बेसूर होतात.

दर रविवारी दोन तास जमायला जागाही हवी आहे. आणि पुढे एखादं मराठी गाणं या पद्धतीत बसवता येईल का?


बेलापूरचा_बेस

आधी ओळींची वाटणी. बहुतेक नवे गट इथेच चुकतात. ज्याचा आवाज सर्वांत उंच जातो तो टेनर, असा हिशेब करतात आणि टेनर सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. क्वायरमध्ये चाल सर्वांत वरच्या आवाजाकडे असते, त्यामुळे तिथून आलेल्यांना ही सवयच असते. बार्बरशॉपमध्ये चाल लीडकडे, म्हणजे वरून दुसऱ्या आवाजाकडे. टेनर तिच्या वर, पण हलका. बेस तळाशी. बॅरिटोन उरलेला स्वर भरतो, कधी लीडच्या खाली, कधी वर.

आवाजाच्या जोराचंही प्रमाण असतं. बेस आणि लीड भरघोस, बॅरिटोन त्यांच्यामागे, टेनर सर्वांत कमी. बॅरिटोनने यात सतत बदल करायचा असतो: लीडच्या खाली असताना आवाज मोकळा सोडायचा, लीडला ओलांडून वर गेलं की लगेच आवरायचा. ही ओळ चालीसारखी लक्षात राहत नाही, उड्या फार. म्हणून ती सर्वांत तयार कानाच्या माणसाला द्या, उरलेल्याला नको.

तुमच्या पट्टीचा प्रश्न असा सोडवा. छापील कागदावर लीडचा सर्वांत खालचा स्वर आणि बेसचा सर्वांत खालचा स्वर पेन्सिलने गोल करा. लीड बाईला द्यायची असेल तर तिचा तो खालचा स्वर आरामात, बोलण्याइतक्या जोरात लागेल इथपर्यंत पट्टी चढवा. तीन-चार अर्धस्वरांत काम झालं तर उत्तम. कागद तोच ठेवा, फक्त पिच पाईपचा वेगळा स्वर फुंका; ट्रॅकही अॅपमध्ये तेवढेच वर सरकवता येतात. त्याहून जास्त चढवावं लागलं तर थांबा. बॅरिटोन ओरडायला लागेल आणि बेस मंद्रातून वर आल्यामुळे कॉर्डचा तळच निघून जाईल. मग एकतर लीड पुरुषाकडे आणि टेनर बाईकडे द्या (पुरुषांच्या अरेंजमेंटमधला टेनर बहुतेक बायकांना सहज झेपतो), नाहीतर मिश्र आवाजांसाठी लिहिलेली प्रत घ्या. तिची पट्टी पुरुषांच्या आणि बायकांच्या प्रतींच्या मधे असते.

उभं राहताना प्रेक्षकांच्या डावीकडून टेनर, लीड, बेस, बॅरिटोन. लीड आणि बेस शेजारी हवेतच, बाकीचे दोघे त्या जोडीवर कान ठेवून गातात.


वाशी_सेक्टर_१७

मिश्र आवाजांच्या प्रती कमी मिळतात, आणि याचं कारण या छंदाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला आफ्रिकन-अमेरिकन तरुण नाक्यावर, न्हाव्याच्या दुकानात, घरी जमून असे कानाने आवाज जुळवत. लुई आर्मस्ट्राँगही लहानपणी न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवर अशाच चौकडीत गायचा. पुढे १९३८ साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ओ. सी. कॅश आणि रूपर्ट हॉल यांनी बोलावलेल्या पहिल्या बैठकीला २६ पुरुष आले आणि त्यातून आजची बार्बरशॉप हार्मनी सोसायटी उभी राहिली. ज्यांच्याकडून ही कला आली त्या कृष्णवर्णीय गायकांना मात्र तिने १९६३पर्यंत सभासदत्व दिलं नाही. हे या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. बायकांनी १९४५मध्ये टल्सातच स्वीट अॅडलाइन्स ही वेगळी संस्था काढली, आणि पुरुषांच्या संस्थेने बायकांना पूर्ण सभासदत्व २०१८मध्ये दिलं. त्यामुळे जुना साठा बहुतेक एकतर पुरुषांच्या पट्टीत किंवा बायकांच्या.


स्वयंभू_गंधार (कोपरी, ठाणे पूर्व)

तुमच्या खरखरीचं मूळ एकच आहे: तुम्ही कीबोर्डशी जुळवताय. कीबोर्डवर प्रत्येक जण बरोबर, म्हणूनच एकत्र चूक.

पांढरी सहाची पट्टी घ्या, सा २२० हर्ट्झवर. बार्बरशॉपची जी खास सेव्हंथ कॉर्ड आहे तिचे चार स्वर सा, ग, प, कोमल नी, आणि ते ४:५:६:७ या प्रमाणात लागले तरच ती घुमते. म्हणजे ग २७५, प ३३०, नी ३८५. कीबोर्ड देतो २७७.२, ३२९.६ आणि ३९२. पंचमाचा फरक सोडून द्या. गंधार जवळजवळ १४ सेंट चढा आहे आणि कोमल निषाद तब्बल ३१ सेंट (१०० सेंट म्हणजे कीबोर्डचा एक अर्धस्वर). खरखर कुठून येते तेही बघा: २२०च्या षड्जाचा पाचवा स्वयंभू (मूळ स्वरातून आपोआप उमटणारा, त्याच्या पाचपट कंपनाचा वरचा स्वर) ११००वर आहे, कीबोर्डच्या गंधाराचा चौथा ११०८.७वर. दोघं एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ नऊ ठोके पडतात. २७५ला गायलात तर दोन्ही ११००वरच येतात, ठोके मावळतात आणि वर एखादा पाचवा माणूस गातोय असं ऐकू येतं. ट्रॅकमधला घुमारा तोच.

गंधाराची आपल्याकडे तयारी असते. नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार कानावर येतो, तोच हा ५:४. चौघांनीही तो ऐकलेला नसेल तर खरा तानपुरा जुळवून दहा मिनिटं नुसतं ऐका, मग गा.

निषादाचं तसं नाही. आपला कोमल नी १६:९ धरा की ९:५, बार्बरशॉपचा ७:४ दोन्हींच्या खाली आहे. बावीस श्रुतींच्या नेहमीच्या गणितात सात हा आकडा येतच नाही. त्यामुळे शास्त्रीय बैठकीचा माणूस हा नी पहिल्यांदा बेसूर समजून वर ओढतो. कानाला सवय लावावी लागते, ती अशी. पुरुषांनी सा आणि ग घ्यायचे, बायकांनी प आणि नी, चौघांचा उच्चार 'ऊ'. सा धरणाऱ्याने अजिबात हलायचं नाही. आधी प, मग ग. ठोके पूर्ण थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग नी वालीने शुद्ध निषादाच्या आसपासहून हळूहळू खाली सरकत यायचं. नेहमीचा कोमल नी आला की थांबावंसं वाटेल, तिथे थांबायचं नाही. आणखी केसभर खाली गेलं की कॉर्ड एकदम स्थिर होते, आणि जोर पुरेसा असेल तर दोन सप्तकं खालचा सा गुणगुणल्यासारखा जाणवतो. मग जागा बदलून हेच चौघांनी करायचं. रोज दहा मिनिटं पुरे, तासभर केलंत तर कान थकतात.

आता तानपुरा का नडतो ते. या गाण्यांत खर्ज, म्हणजे कॉर्डचा मूळ स्वर, हलता असतो. ध वरची सेव्हंथ, मग रे वरची, मग प वरची, शेवटी सा, अशी पाचव्या-पाचव्याची साखळी सतत येते. रे वरची सेव्हंथ म्हणजे रे, तीव्र म, ध, सा. इथे सा हा कॉर्डचा निषाद झाला! रे नेहमीच्या जागी धरला तर तो सा तानपुऱ्याच्या षड्जापेक्षा २७ सेंट खाली हवा. आपल्याकडे षड्ज अचल, म्हणून अॅप त्या जागी तुमच्याशी भांडतं. अॅप बंद करा. आधाराला स्वर हवाच असेल तर कीबोर्डवर त्या त्या कॉर्डचा फक्त मूळ स्वर धरा, बाकीचे तीन कधीच नाहीत.

मग कोणी कोणाशी जुळवायचं? लीडने चालीचा सूर मूळ पट्टीला धरून ठेवायचा, बाकी तिघांनी तिच्याशी जुळवायचं. रे वरच्या कॉर्डमध्ये तो सा नेमका चालीचा असेल तर लीड खाली येणार नाही. बेस आणि बाकीचे दोघे वर जातील.

सुगमवाल्या दोघांसाठी एक गोष्ट. कणस्वर, मींड, शेवटचं आंदोलन हे सगळं बाजूला ठेवा. स्वरावर घसरत आलात तर तेवढा वेळ कॉर्ड जन्मालाच येत नाही. प्रत्येक ओळ 'नू नू नू' करत तुटक गा. पहिल्या क्षणापासून कॉर्ड उभी असली पाहिजे.


घणसोली_लोकल

जागेबद्दल. ठाणे आणि नेरूळच्या मधे ट्रान्स हार्बरवर घणसोली किंवा कोपरखैरणे पडतं, चौघांनाही सारखंच. सोसायटीचा छोटा हॉल तासावर मिळतो, पण आधी टाळी वाजवून बघा. आवाज मागे रेंगाळत असेल तर जुळवणीच्या कामाला ती जागा वाईट, कारण घुमणाऱ्या खोलीत चुका झाकल्या जातात. पडदे, गाद्या, सोफ्यांनी भरलेली बैठकीची खोली त्याहून वाईट. तिथे शेजारच्याचा आवाज मरतो आणि सगळे जोर लावू लागतात. मध्यम आकाराची, फरशीची, अर्धवट रिकामी खोली बरी. इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग किंवा जिना शेवटची पंधरा मिनिटं टॅग (तो काय ते खाली सांगतो) गायला झकास. तलावपाळीला किंवा मिनी सीशोरला उघड्यावर गाऊ नका. भिंत नसल्यामुळे आपला आवाज परत येत नाही, वर हॉर्न.

खोलीतला गुणगुणाट तपासा. ट्यूबलाइटचा जुना चोक, स्टॅबिलायझर, फ्रिज यांचा आवाज १०० हर्ट्झच्या आसपास असतो, कारण वीज ५० हर्ट्झची. काळी चारचा मंद्र सा १०३.८. त्या पट्टीत गाणं असेल तर बेसला सतत खाली ओढणारा एक खोटा आधार मिळत राहतो. पंखा आणि दिवे बंद करून गा. मे महिन्यात हे सोपं नाही, तेव्हा सकाळी आठला भेटा.

दोन तासांत सगळं गाणं सलग पाच वेळा गाऊ नका. जोड्या गा. चार आवाजांच्या सहा जोड्या होतात. आधी लीड-बेस, ती पक्की झाल्याशिवाय बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. मग लीड-बॅरिटोन, लीड-टेनर, आणि बॅरिटोन-टेनर. ही शेवटची जोडी ऐकायला विचित्र लागते, पण कॉर्डचे नाजूक स्वर बहुतेक वेळा याच दोघांकडे असतात. गोल करून, तोंडं आत, हात लांब केला तर शेजाऱ्याच्या खांद्याला लागेल एवढ्या अंतरावर.

ट्रॅक बहुधा असे असतात की एका कानात तुमची ओळ आणि दुसऱ्यात बाकीचे तिघे. तुमच्या ओळीची बाजू बंद करून तीन वेळा न चुकता गाता येईपर्यंत पाठ झालं असं धरू नका.

सुरुवात करताना पिच पाईपवर फक्त पट्टीचा मूळ स्वर फुंकायचा. चारही स्वर वाजवून द्यायची पद्धत नाही. आपापला स्वर प्रत्येकाने मनात काढून हलकेच गुणगुणायचा. हार्मोनियमही एवढ्यापुरतीच.

आणि गाण्याआधी टॅग शिका. टॅग म्हणजे गाण्याचा शेवटचा तुकडा, साधारण चार ते आठ मात्रागट, कागदाशिवाय तोंडी शिकवला जातो. अर्ध्या तासात चौघांचा बसतो. त्यात बहुधा एक जण एकच स्वर लांब धरून ठेवतो आणि बाकीचे त्याच्याखाली कॉर्ड बदलत जातात. सूर जुळवायला याहून चांगला धडा नाही. रीतही पाळा: एका ओळीवर एकच माणूस, दुसऱ्यांचा टॅग चालू असताना विचारल्याशिवाय पाचवा आवाज मिसळायचा नाही, न विचारता रेकॉर्ड करायचं नाही.


तलावपाळी_चौकडी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कालच प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबून पिच पाईपशी ताडून पाहिलं. पहिल्या दोन ओळी बरोबर. तिसऱ्या ओळीच्या शेवटी, प वरच्या सेव्हंथवरून सा वर येताना घसरतो. पुढे तशीच वळणं येतात तिथे पुन्हा. तिथे टेनरकडे म आहे आणि तो ग वर उतरतो. बाकी तिघांचं काही चुकलेलं वाटत नाही.


स्वयंभू_गंधार (कोपरी, ठाणे पूर्व)

मग सापडलं. प वरच्या सेव्हंथमध्ये म हा निषादाच्या जागी आहे, म्हणून चांगल्या टेनरने तो आपसूक खाली घेतला: नेहमीचा म षड्जापासून ४९८ सेंटवर, हा ४७१वर. पुढचा ग ३८६वर. म्हणजे तिथून फक्त ८५ सेंट उतरायचं आहे. गळ्याची सवय मात्र म-ग मध्ये ११२ सेंट उतरायची. तेवढं उतरली की ग ३५९वर पडतो, २७ सेंट खाली. बाकीचे तिघे कान चांगला असल्यामुळे टेनरशी जुळवून घेतात आणि पट्टी गेली. अशी तीन-चार वळणं म्हणजे तुमचा अर्धा स्वर.

टेनरला म वर ठेवायला सांगू नका, मग ती कॉर्ड खरखरेल. उतरताना पाऊल लहान ठेवायला सांगा. तेवढ्या दोनच कॉर्ड घ्या, दहा वेळा. लीड आणि बेसने सा हलवायचा नाही, टेनरने म वर कॉर्ड घुमेपर्यंत थांबायचं आणि मग ग वर 'जेमतेम' उतरायचं. सुरुवातीला ग चढा लागल्यासारखा वाटेल. वाटू द्या, पिच पाईपशी ताडा.

दुसरं, सारखा स्वर पुन्हा पुन्हा येतो तिथे आणि श्वास घेतल्यावर परत आत येताना स्वर थोडा वरून पकडायचा, असं चौघांनीही कागदावर बाण काढून ठेवा.


शब्दावर_सूर (राम मारुती रोड)

मराठी गाण्याचं उरलं होतं.

चाल निवडतानाच अर्धं काम होतं. या पद्धतीत सेव्हंथ कॉर्ड गाण्याच्या ३५ ते ६० टक्के वेळ वाजत असावी, असा अरेंजरांचा ठोकताळा आहे. म्हणजे चालीतच खर्ज हलायला वाव हवा. बिलावल किंवा खमाजच्या अंगाची, सरळ स्वरांची भावगीतं, बालगीतं, अंगाई बघा. चालीत मधेच तीव्र म लागून लगेच पंचमावर जात असेल तर सोनंच, तिथे रे वरची सेव्हंथ आयती बसते. तोडी, मारवा, भैरवीतलं नाट्यगीत घेऊ नका. ज्या रागाचा सगळा अर्थ एका स्थिर षड्जावर उभा आहे तिथे खर्ज हलवला की रागच मोडतो, आणि ते ऐकवत नाही. दादऱ्यातली गाणी तीनच्या वजनात छान बसतात.

उच्चार हा खरा कष्टाचा भाग. कॉर्ड घुमायला चौघांचा स्वर एकाच आकाराचा हवा. मराठी ए, ओ सरळ आणि एकसंध आहेत, हा आपला फायदा. इंग्रजी गाण्यातही तेच वापरा. अडचण 'अ'ची. 'मन' शब्दातला म वरचा अ लांबवायचा झाला की एक जण 'आ'कडे जातो, दुसरा तोंड मिटतो. आधीच ठरवा: जबडा सैल, 'आ'च्या निम्म्यावर. शेवटचा न् चौघांनी एकाच मात्रेवर मिटायचा. ऐ आणि औ मध्ये आधीचा अ धरून ठेवायचा, इ किंवा उ शेवटच्या क्षणी एकत्र. 'ळ'साठी जीभ लवकर मागे वळली की आधीचा स्वर काळवंडतो, म्हणून 'डोळे', 'सावळा' यांत ओ आणि व वरचा अ पूर्ण होईपर्यंत जीभ खाली ठेवा. ओळीच्या शेवटी एकाच अक्षरावर कॉर्ड बदलत न्यायची असेल तर ते अक्षर आकारान्त असलेली ओळ निवडा. ईवर तोंड आवळतं आणि घुमारा जातो.

हक्कांचं विसरू नका. भारतात कवी आणि संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, दोघांचे वेगवेगळे मोजायचे. त्याआतलं गाणं चार आवाजांत बांधून जाहीर सादर करायचं तर लेखी परवानगी घ्या. विकत घेतलेल्या इंग्रजी अरेंजमेंटचंही तसंच, चौघांसाठी चार प्रती घ्यायच्या. एकीच्या झेरॉक्स नाहीत.

पहिल्या मराठी गाण्याला सगळं कडवं बांधायला जाऊ नका. फक्त ध्रुवपदाच्या शेवटच्या ओळीचा टॅग करा, लीडकडे चाल, बेसकडे प-सा, आणि वर सांगितलेला म-ग टेनरकडे. तो पट्टीत राहून तीनदा सलग घुमला की मग मागच्या ओळी जोडा.